मी स्ट्रॉबेरीला वारा घातला

मित्रांनो, मी एक जुना कूलर आहे. पत्र्याचा, अंगानं चौकोनी आणि आवाजानं जरा मोठाच. नागपूरकडच्या मुलांना माझी ओळख करून द्यायला नको. पण ज्यांच्या गावी उन्हाळा मवाळ असतो, त्यांच्यासाठी सांगतो. माझ्या तीन बाजूंना गवताच्या ताट्या असतात. पोटात पाण्याची टाकी असते. लहानसा पंप ते पाणी उचलून ताट्यांवर सोडतो. मग माझा पंखा बाहेरची तापलेली हवा त्या ओल्या ताट्यांतून ओढून घेतो आणि गार करून समोर फेकतो. वीसेक उन्हाळे मी हे काम माणसांसाठी केलं. एक उन्हाळा मात्र मी ते स्ट्रॉबेरीच्या झाडांसाठी केलं. त्याच उन्हाळ्याची गोष्ट मला सांगायची आहे.

माझा जन्म इतवारीतल्या एका बोळात, गोपाळरावांच्या दुकानात झाला. गोपाळराव पत्रा कापत, ठोकत आणि ठोकताना कुणाशीही बोलत नसत. मला रंग देऊन त्यांनी दुकानाबाहेर वाळत ठेवलं, त्याच दिवशी देवराव मला न्यायला आले. ते एस.टी.चे ड्रायव्हर होते. काटोल-नरखेडच्या गाडीवर त्यांची ड्युटी असे. मे महिना होता. घरी त्यांची मुलगी भावना नुकतीच जन्मली होती आणि तिचं अंग घामोळ्यांनी लाल झालं होतं. मला सायकलरिक्षावर चढवून ते इंदोऱ्याच्या त्यांच्या गल्लीत घेऊन आले. त्या दुपारी भावना पहिल्यांदा पोटभर झोपली. तिची आई सिंधूताई माझ्याकडे पाहून म्हणाल्या, "बाप्पा, आता जीवात जीव आला."

कामाला लागल्यावर एवढं कौतुक वाट्याला आलं, तर कुणाला हुरूप येणार नाही?

पुढचे उन्हाळे मी मनापासून राबलो. होळी झाली की देवराव मला बाहेर काढत, गंज घासत, नव्या ताट्या बसवत. सिंधूताई टाकीच्या पाण्यात वाळ्याची जुडी सोडत, म्हणजे सगळ्या खोलीला मातीसारखा वास येई. दुपारी शेजारणी कामं घेऊन माझ्यासमोर येऊन बसत. ड्युटीवरून आलेले देवराव शर्टाची बटणं काढून माझ्यापुढे उभे राहत. इंजिनाची आच त्यांच्या अंगातून निघून जाईपर्यंत घरात कुणी त्यांच्याशी बोलत नसे.

मग भावनाचा भाऊ धम्मानंद नोकरीला लागला आणि त्यानं घरी एसी आणला. यात कुणाचीच चूक नव्हती. एसी गार करतो, पाणी मागत नाही, आवाज करत नाही. मला गच्चीवर नेऊन ठेवलं. पावसाळे आले आणि गेले. माझ्या ताट्या कुजल्या, पंख्यामागे कबुतरांनी घर केलं. सिंधूताई माझ्या डोक्यावर भिवापुरी मिरच्या वाळत घालत. तेवढाच काय तो माझा उपयोग.

त्याच सुमारास देवराव निवृत्त झाले. एसीच्या बंद खोलीत त्यांना करमत नसे. ते गच्चीवर येत आणि माझ्या सावलीत पाट टाकून बसत. रस्त्यावरून एस.टी.चा हॉर्न ऐकू आला की मान वर करत, पुन्हा खाली घालत. आम्ही दोघं असे कितीतरी दुपारी नुसते बसून असायचो.

भावना तोपर्यंत शेतीचं शिक्षण घेऊन, नरखेड तालुक्यातल्या रोशनशी लग्न करून त्याच्या गावी गेली होती. तिनं नागपुरात सरकारी नोकरी करावी, असं देवरावांना वाटत होतं. त्यांनी भांडण केलं नाही. फक्त लेकीच्या गावी जायचं ते टाळत. ज्या रस्त्यानं त्यांनी आयुष्यभर गाडी चालवली, त्याच रस्त्यावर ते गाव होतं, तरीही.

एका फेब्रुवारीत, शिवरात्र झाल्यावर, भावना माहेरी आली आणि सरळ गच्चीवर चढली. माझा पंखा हातानं फिरवून पाहत ती म्हणाली, "बाबा, हा कूलर मी घेऊन जातो."

"कायले? तुमच्या घरी कूलर नाही का?"

"घरासाठी नाही. स्ट्रॉबेरीसाठी."

देवराव तिच्याकडे बघतच राहिले. "झाडाले कूलर? कोणाले सांगू नको वं, लोकं हसतीन."

"हसू द्या नं. झाडालेही ऊन लागते."

"एवढी शिकली, एक परीक्षा नाही देली, अन् आता झाडाले कूलर लावून राहिली! काहून पण?"

भावना त्यांच्याजवळ बसली. तिनं जे सांगितलं ते मीही कान देऊन ऐकलं. महाबळेश्वरची रोपं ती दरवर्षी सप्टेंबरात आणून लावत होती. संत्र्याच्या बागेशेजारी तिचे उंच गादीवाफे होते. थंडी पडली की झाडं जोमानं वाढत आणि डिसेंबरच्या शेवटी लाल फळं धरत. पण आपल्याकडची थंडी ती केवढीशी! फेब्रुवारी सरला की पानांच्या कडा करपत, फळं लहान आणि मऊ होत. गावात म्हणच पडली होती, होळी पेटली का स्ट्रॉबेरी खतम. मागच्या वर्षी तिनं वर हिरवी जाळी लावली, तर हंगाम थोडा पुढे सरकला होता.

"झाडं मरत नाही बाबा," ती म्हणाली. "फुलं तं येतच राहते. फक्त ऊन त्यायले फळू देत नाही. थोडा गारवा भेटला तं ते अजून देतीन. मले चौदा एप्रिलले आपल्या गल्लीत माह्या वावरातली स्ट्रॉबेरी वाटायची आहे."

चौदा एप्रिलला, जयंतीच्या दिवशी, त्यांच्या गल्लीत सगळ्यांनी आपल्या हातचं काहीतरी आणून वाटायचं असतं. कुणी सरबत, कुणी बुंदी. भावनाच्या लग्नानंतर त्या घरातून काही गेलं नव्हतं.

तेवढ्यात मिरच्या गोळा करायला सिंधूताई वर आल्या. त्यांनी सगळं ऐकलंच होतं. "घेऊन जाय वं त्या कूलरले," त्या म्हणाल्या. "अन् यायलेही घेऊन जाय. दोघंही गच्चीवर बसून गंजून राहिले."

अशा रीतीनं रोशनच्या पिकअप गाडीत मागे मी आणि पुढे देवराव, असे आम्ही निघालो. "दोन दिवसात याची मोटर चालू करून देतो अन् परत येतो," असं त्यांनी घरी सांगितलं होतं.

शेतात भावना आणि रोशननं बांबूची एक लांबट, ठेंगणी झोपडी उभी केली होती. वर हिरवी जाळी, बाजूंना ओल्या पोत्यांचे पडदे. आत स्ट्रॉबेरीचे मोजकेच वाफे. बाकीच्या वाफ्यांवर तिनं आशा सोडली होती, कारण एक कूलर सगळ्या वावराला किती पुरणार? मला झोपडीच्या एका टोकाला विटांवर बसवलं. देवरावांनी माझी मोटर उघडली, कबुतरांच्या काड्या काढल्या, तेल दिलं, नव्या ताट्या बसवल्या. रोशननं घरून वायर ओढून आणली. बटण दाबलं आणि कितीतरी वर्षांनी माझा पंखा फिरला. माझ्यासमोरची पानं हलू लागली. मित्रांनो, माणसं थंड हवेत डोळे मिटतात हे मी पाहिलं होतं. झाडं मात्र पानं उघडतात, हे मला त्या दिवशी कळलं.

पण पहिलेच दिवस वाईट गेले. झोपडी चारी बाजूंनी बंद होती. माझी ओली हवा आत कोंडून राहिली आणि फळांवर राखाडी बुरशी चढली. भावना सकाळी आत आली, सडकी फळं एकेक करून तोडत राहिली आणि मग तिथंच वाफ्याच्या कडेला बसली. रोशन दाराशी उभा होता. तो हळूच म्हणाला, "राहू दे का मंग यंदा?"

"नाही," ती म्हणाली. "हवा आत येऊन राहिली, पण बाहेर जाऊन नाही राहिली." तिनं उठून समोरच्या टोकाचा पोत्याचा पडदा कापून टाकला आणि तिथं नुसती जाळी बांधली. सकाळी माझा पंप बंद ठेवून नुसता पंखा चालवायचा आणि ऊन चढल्यावर पाणी सोडायचं, असं तिनं ठरवलं. हळूहळू बुरशी थांबली.

मग दुसरी अडचण आली. जाळीमुळे मधमाश्या आत येईनात, आणि मधमाशी नाही तर फूल नीट फळत नाही. भावनानं वडिलांना विचारलं, "बाबा, तुमचा दाढीचा ब्रश आहे का? मऊ आहे तो."

देवरावांना वाटलं ती थट्टा करते आहे. तिनं ब्रश घेतला आणि एका पांढऱ्या फुलाच्या पिवळ्या मध्यावर अलगद गोल फिरवून दाखवला. "असं प्रत्येक फुलाले करा लागते. मले वेळ नाही भेटत."

"हे पोट्ट्यायचे खेळ मले नको सांगू," देवराव म्हणाले.

दुसऱ्या दिवशी भावना संत्र्याच्या बागेत गेली असताना ते एकटेच आत आले. इकडेतिकडे पाहिलं. मग वाकून एका फुलावर ब्रश फिरवला. मग दुसऱ्यावर. गाडीचं मोठं स्टिअरिंग फिरवलेले ते हात फुलाला इतके जपून लावत होते, की मी पंख्याचा आवाजही कमी केला असता, मला तसं करता आलं असतं तर. भावना परतली तेव्हा अर्धा वाफा झाला होता. तिनं त्यांच्यासाठी एक चौरंग आणून ठेवला, वाकून कंबर दुखू नये म्हणून.

दोन दिवसांसाठी आलेले देवराव होळी झाली तरी गेले नाहीत. सकाळी विहिरीवरून पाणी आणून ते माझी टाकी भरत. ब्रश घेऊन फुलांकडे जात. बुलबुल जाळीच्या फटीतून घुसायला बघत, त्यांना हाकलत. सिंधूताईंचा फोन आला की सांगत, "अजून येत नाही. फळ धरून राहिलं." हिरवी फळं आधी पांढरी झाली, मग त्यांच्या एका गालावर लाली आली.

एप्रिल लागला आणि ऊन असं तापलं की दुपारी गावात कुत्रंही दिसेना. त्यातच माझा पंप बसला. पाण्यातला क्षार त्यात जाऊन अडकला होता. पंप नाही म्हणजे ताट्या कोरड्या, आणि कोरड्या ताट्यांतून मी झाडांवर भट्टीचा वारा सोडू लागलो. रोशन आणि भावना घरी नव्हते. देवरावांनी मला बंद केलं, पोत्यांवर पाणी शिंपडलं आणि भर दुपारच्या एस.टी.नं ते नरखेडला निघाले. घाईत डोक्याला दुपट्टा बांधायचाही राहिला.

ते नवा पंप घेऊन आले. तो बसवला. ताट्यांवर पाणी वाहू लागलं, तेव्हा ते माझ्या पत्र्याला हात टेकून उभे होते. मग त्यांचा हात निसटला आणि ते खाली कोसळले.

शेजारच्या वावरातल्या माणसांनी त्यांना उचलून घरी नेलं. त्यांना ऊन लागलं होतं. डॉक्टर आले, सलाईन लावलं आणि म्हणाले की यांना गारव्यात ठेवा, अंग तापू देऊ नका. पण रोशनच्या घराला टिनाचं छप्पर होतं आणि आतला पंखा गरम वाराच फिरवत होता. निरोप मिळून परतलेली भावना धावत झोपडीत आली आणि माझी वायर काढू लागली.

मागून रोशन आला. "कूलर घरी नेला तं झाडं?" त्यानं विचारलं. वाईट मनानं नाही. त्यानंही त्या वाफ्यांना पाणी दिलं होतं.

भावना मान वर न करता म्हणाली, "झाडं पुन्हा लावता येते. धर तिकडून."

दोघांनी मला उचललं. देवरावांच्या खाटेशेजारी मी रात्रंदिवस चाललो. भावना त्यांच्या कपाळावर ओली पट्टी बदलत राहिली, कैरीचं पन्हं चमच्यानं पाजत राहिली. सिंधूताई घाबरतील म्हणून तिनं नागपूरला काही कळवलं नाही. ताप उतरत गेला. एका सकाळी त्यांनी डोळे उघडले. माझा आवाज ऐकला आणि मान वळवून माझ्याकडे पाहिलं.

"हा इथं काहून आहे?" हा त्यांचा पहिला प्रश्न.

भावनानं त्यांच्या कपाळावरची पट्टी बदलली. देवराव उठून बसले. तिनं अडवलं तरी तिच्या खांद्याचा आधार घेत झोपडीपर्यंत गेले. पुढचं मी पाहिलं नाही, रोशननं नंतर सांगितलेलं ऐकलं. झाडांनी माना टाकल्या होत्या. दोन वाफ्यांतली पिकत आलेली फळं उन्हानं शिजल्यासारखी झाली होती. आतल्या बाजूचा एकच वाफा थोडा हिरवा होता. देवरावांनी वाकून एक शिजलेलं फळ उचललं. मग म्हणाले, "माह्यासाठी तू हे मरू देलं?"

"बाबा, तुमच्यासाठी अजून काय काय मरू देईन," भावना म्हणाली आणि तिला रडू आलं. इतके दिवस ती रडली नव्हती.

देवरावांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. मग रोशनकडे वळून म्हणाले, "जावईबापू, कूलर परत इथं आणा."

"मामाजी, डॉक्टरनं तुमाले गारव्यात ठेवा म्हणून सांगतलं."

"मंग माही खाटही आणा नं गा! एका कूलरात दोघायचं भागते."

आणि तसंच झालं, मित्रांनो. वाफ्यांच्या मधल्या वाटेत देवरावांची खाट टाकली गेली. माझा वारा आधी त्यांच्या अंगावरून जाई आणि मग झाडांवरून. ते पडल्या पडल्या हात लांबवून पानं उचलून बघत. कुठलं फळ रंगलं, कुठल्याला बुलबुलानं टोचलं, याची खबर भावनाला देत. गावातली माणसं त्यांना भेटायला झोपडीत येत आणि खाटेच्या कडेवर बसून आधी हसत, मग म्हणत, "इथं तं मस्त वाटते गा!" आणि तासभर उठत नसत. होळीची म्हण सांगणारे तेच लोक होते. हिरवा राहिलेला वाफा हळूहळू सावरला.

चौदा एप्रिलला पहाटे भावनानं फळं तोडली. लहान होती, काही वाकडी होती, पण लालभडक होती. ओल्या कापडाखाली टोपली झाकून ती, रोशन आणि देवराव पहिल्या एस.टी.नं निघाले. पिकअपमध्ये हादरे बसतात म्हणून देवरावांनीच ती नको म्हटली होती. पुढचं सगळं मी संध्याकाळी त्यांच्याच तोंडून ऐकलं. ड्रायव्हर देवरावांच्या ओळखीचा निघाला. त्यांनी सगळा रस्ता टोपली मांडीवर धरली आणि प्रत्येक खड्ड्याआधी ड्रायव्हरला ओरडून सांगितलं, "धीरे गा, धीरे!"

गल्लीत निळे झेंडे लागले होते, सरबताचे पिंप मांडले होते. देवरावांनी टोपलीवरचं कापड काढलं तेव्हा पोरांनी गर्दी केली. "एप्रिलात स्ट्रॉबेरी? कुठून आणली?" लोक विचारत. देवराव प्रत्येकाच्या हातावर एकेक फळ ठेवत आणि प्रत्येकाला तेच सांगत, "माह्या पोरीच्या वावरातली आहे. तिनंच पिकवली." हे वाक्य त्यांनी इतक्या वेळा म्हटलं, की शेवटी त्यांचा आवाज बसला. टोपली रिकामी झाली. मागे वळून पाहतात तर सिंधूताई रिकामा हात पुढे करून उभ्या. त्यांच्यासाठी एकही उरलं नव्हतं.

म्हणून त्या त्याच संध्याकाळी सगळ्यांबरोबर शेतावर आल्या. लेकीचं वावर त्यांनी पहिल्यांदा पाहिलं. झोपडीत येऊन खाटेवर बसल्या, माझ्या वाऱ्याकडे तोंड केलं. भावनानं पानाखाली लपलेलं एक फळ शोधून त्यांच्या हातावर ठेवलं. सगळे त्यांच्या तोंडाकडे बघत राहिले.

"आंबट आहे," सिंधूताई म्हणाल्या. मग हात पुन्हा पुढे केला. "अजून एक आहे का?"

मे महिन्यात झाडं खरोखरच थकली. फुलं येणं थांबलं. एका दुपारी देवरावांनी वाफ्यावरून नजर फिरवली आणि स्वतःच्या हातानं माझं बटण बंद केलं. "बस झालं आता. लई देलं यायनं," ते म्हणाले. त्यांनी माझी टाकी रिकामी केली, ताट्या काढून उन्हात वाळवल्या, अंग घासून नवा रंग दिला. गच्चीवर गेल्यापासून पहिल्यांदाच मी पावसाळ्यात कोरड्या जागी उभा राहिलो. देवराव आता महिन्यातले बरेच दिवस इथंच असतात. सप्टेंबरात नवी रोपं येणार आहेत आणि या वेळी कुठल्या वाफ्याला किती सावली द्यायची, यावर बापलेकीचा रोज वाद चालतो.

मित्रांनो, तुमच्याही घराच्या गच्चीवर, माळ्यावर, जिन्याखाली माझ्यासारखं काहीतरी पडलं असेल. त्याला भंगारात घालण्याआधी एकदा त्याचं बटण दाबून बघा. तेलाचे चार थेंब द्या. कदाचित ते ज्याच्यासाठी बनलं होतं त्याच्या उपयोगाचं राहिलं नसेल, पण दुसऱ्या कुणाला त्याची गरज असेल. आणि घरात एखादं म्हातारं माणूस गप्प बसून राहत असेल, तर त्याची नुसती काळजी घेऊ नका. त्याला काम सांगा. खरंखुरं काम, जे त्यानं नाही केलं तर अडेल असं.

आणि ज्यांच्या घरी कूलर अजून चालू आहे, त्यांच्याकडे एवढंच मागतो. टाकीत पाणी साचू देऊ नका, त्यात डास होतात. वेळच्या वेळी बदला. आम्ही पाण्याशिवाय दुसरं काही मागत नाही.